पेण–रोह्याची एसटी : फेरी कशी लागते, कशी तुटते

पेणला नगरपालिका आहे, रोह्यालाही आहे, पण नगरपालिकेची बस दोन्हीकडे नाही. २०११ च्या जनगणनेत पेणची वस्ती चाळीस हजारांच्या आत आणि रोहा-अष्टमीची वीस हजारांच्या आसपास होती. एवढ्या गावात माणूस पायी जातो, नाहीतर रिक्षा करतो. इथली सार्वजनिक बस म्हणजे राज्य परिवहन महामंडळाची एसटी. तिला गावातल्या गावात फिरायचे नसते. आसपासच्या खेड्यांना पेठ, शाळा, कचेरी आणि दवाखान्याशी बांधून ठेवणे हे तिचे काम. महामंडळाच्या रायगड विभागाचा कारभारही जिल्ह्याचे ठाणे असलेल्या अलिबागेतून न चालता पेणच्या रामवाडीतून चालतो. पेण, रोहा, अलिबाग, मुरुड, श्रीवर्धन, माणगाव, महाड आणि कर्जत ही आगारे या विभागात आहेत. पनवेल आणि उरण जिल्ह्यात असूनही एसटीच्या हिशोबात मुंबई विभागात मोडतात.

आगाराच्या कामाचा पाया म्हणजे फेरी. स्थानकातून सुटून शेवटच्या थांब्याला पोहोचणे ही एक फेरी. एका गाडीच्या दिवसभरातल्या फेऱ्या एकापुढे एक गुंफल्या की तिचे शेड्यूल तयार होते, आणि त्यावर चालक-वाहकांच्या ड्युट्या बसवल्या जातात. ही गुंफण दिसते त्यापेक्षा अवघड आहे. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाचे काम आठ तासांचे ठरवले आहे; सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते आणि कामाची सुरुवात ते शेवट हा पसारा साधारणपणे बारा तासांबाहेर जाता कामा नये. प्रवाशांना मात्र गाडी सकाळी सहालाही हवी असते आणि रात्री आठलाही. मधल्या दुपारी गाडी आणि माणसे दोन्ही मोकळी असतात, पण ती दुपार ना गाडीला विकता येते ना माणसाला.

पेण आगाराचा मुलूख दोन तऱ्हेचा आहे. पश्चिमेला खाडीकाठचा खारेपाट : वाशी, शिर्की, वढाव, दादर अशी गावे, सपाट जमीन, अरुंद रस्ते. इथून भाजी, मासळी आणि कॉलेजची पोरे पेणला येतात. उत्तरेला हमरापूर-जोहे हा गणपतीच्या कारखान्यांचा पट्टा. तिथे मूर्तिकामाचा हंगाम चढला की कारागिरांची ये-जा वाढते. पूर्वेला डोंगरपट्टा. खोपोलीच्या रस्त्यावर विनोबांचे जन्मगाव गागोदे लागते, आणि आत ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. अशा बऱ्याच वाड्यांना गाडी फाट्यापर्यंतच मिळते, पुढे पायपीट.

रोह्याची रचना वेगळी. कुंडलिकेच्या काठच्या या गावातून वाटा चहूकडे फुटतात. भिसे खिंडीतून नागोठणे, धाटाववरून कोलाड, केळघरच्या घाटातून मुरुड, शिवाय रेवदंड्याची आणि अलिबागची वाट. धाटावला औद्योगिक वसाहत आहे आणि तिथल्या कारखान्यांत पाळ्या चालतात. पाळी सुटण्याच्या वेळेशी एसटीची वेळ जुळली नाही, तर गाडी रिकामी जाते आणि दहा मिनिटांनी त्याच थांब्यावर माणसांची गर्दी उभी राहते. वेळापत्रकातली ही दहा मिनिटे सुधारायला नवी गाडी लागत नाही, हे आगाराबाहेरच्या माणसाला सहज पटत नाही.

सगळ्या फेऱ्यांत जुनी आणि मोलाची फेरी मुक्कामी गाडीची. संध्याकाळी ती आडगावी जाते, रात्र तिथेच काढते आणि पहाटे पेणकडे किंवा रोह्याकडे निघते. चालक-वाहक गाडीतच किंवा गावाने दिलेल्या एखाद्या खोलीत झोपतात. हिशोबाने पाहिले तर ही योजना चतुर आहे. गाडी रात्री आगारात परतली असती, तर पहाटे गाव गाठायला तिला पुन्हा रिकामी जावे लागले असते. मुक्कामाने ही दोन्ही रिकामी अंतरे वाचतात आणि गावाला दिवसाची पहिली गाडी हमखास मिळते. दहावीची परीक्षा, कोर्टाची तारीख, डॉक्टरचा नंबर हे सगळे त्या एका गाडीवर आखलेले असते. मुक्कामी गाडी बंद होते तेव्हा गावाची पहाटच हिरावली जाते. कारण बहुतेकदा झोपायच्या जागेचे, संडासाचे आणि पाण्याचे असते. ग्रामपंचायतीला थोड्या खर्चात सोडवता येईल असे.

आगारातली सकाळ ड्युटी लावण्यापासून सुरू होते. वाहक तिकीट मशीन आणि वेबिल घेतो, चालक गाडी ताब्यात घेऊन टायर, ब्रेक आणि दिवे पाहतो, वाहतूक नियंत्रक नोंद करून गाडी सोडतो. हे सुरळीत झाले तर बाहेर कोणाला कळतही नाही. कळते ते दोन चालक रजेवर, एक गाडी वर्कशॉपमध्ये आणि एक अजून मुंबईहून परतलेली नाही, अशा दिवशी. मग कोणती फेरी रद्द करायची हे ठरवावे लागते. लांब पल्ल्याच्या गाडीचे आरक्षण झालेले असते, तिचे उत्पन्नही मोठे, म्हणून ती सुटते. कात्री लागते ती खेड्याच्या फेरीला. नियंत्रकाच्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच केले असते, पण सेवा उसवायला सुरुवात नेमकी इथून होते. महिन्यातून चार वेळा न आलेली गाडी उरलेल्या दिवशीही लोकांच्या लेखी नसल्यातच जमा असते. ज्याला वेळेवर पोहोचायचे आहे तो दुसरी सोय लावतो, आणि एकदा लावलेली सोय माणूस सहसा मोडत नाही.

रायगडात ही दुसरी सोय म्हणजे मिनीडोअर ही छोटी खासगी गाडी. तिचे वेळापत्रक नसते. माणसे भरली की ती निघते, हात केला की थांबते. एसटीनेही 'हात दाखवा, गाडी थांबवा' म्हणून पाहिले आहे, पण मिनीडोअरची खरी ताकद थांबण्यात नाही, सतत मिळण्यात आहे. २०२१ च्या ऑक्टोबरअखेर सुरू झालेला एसटी कर्मचाऱ्यांचा संप २०२२ च्या एप्रिलपर्यंत लांबला, तेव्हा खेड्यापाड्यांतली ने-आण मुख्यतः खासगी गाड्यांनीच धरून ठेवली होती. संप मिटला, पण सगळे प्रवासी एका दिवसात परतत नसतात. त्यांना परत आणायला मदत झाली ती सवलतींची. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट. मिनीडोअरमध्ये अर्धे तिकीट नसते. बाजाराला निघालेली बाई आता गाडीची वाट थोडी जास्त पाहते, पण थोडीच. सवलतीने आलेला प्रवासी रद्द झालेल्या फेरीने पुन्हा जातो.

एसटीचे भाडे टप्प्यावर चालते आणि टप्पा सहा किलोमीटरचा असतो. पेण ते रोहा हे नागोठण्यावरून सुमारे चाळीस किलोमीटरचे अंतर, म्हणजे साधारण सात टप्पे. सवलतीत सोडलेली रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देते. ती उशिरा आली की डिझेल आणि सुट्या भागांची चणचण थेट आगारापर्यंत पोहोचते.

फेरी चालवायची की बंद करायची, हे ठरवताना भारमानाकडे बोट दाखवले जाते. उपलब्ध आसनांपैकी किती भरली त्याची टक्केवारी म्हणजे भारमान. आकडा उपयोगाचा आहे, पण तो एकटाच वाचला तर फसवतो. शाळेची गाडी सकाळी गावाकडे रिकामी जाते आणि पोरांनी खच्चून भरून येते. जाता-येता मिळून तिचे भारमान पन्नासाच्या आसपास दिसते, आणि ती पोरे पासवर असल्याने उत्पन्न त्याहूनही कमी. पाचवीपासूनच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. कागदावर ही फेरी तोट्याची ठरते. पण ती बंद केली की दुपारच्या बाजारफेरीचे प्रवासीही हळूहळू जातात, कारण ज्या घरातली मुलगी एसटीने जात नाही त्या घराला एसटीची वेळच पाठ राहत नाही. फेरी एकेकटी तोलण्यापेक्षा गाव धरून तोलली, तर निर्णय वेगळे निघतात.

उशीर साठत जातो, हा दुसरा रोग. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या रुंदीकरणाचे काम २०११ मध्ये सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले. पेण, वडखळ आणि नागोठणे त्याच टप्प्यात येतात. रस्ता बदलतो, वळणमार्ग येतो, खड्डे पडतात, पण वेळापत्रकातला धावण्याचा वेळ जुनाच राहतो. प्रत्येक फेरीत दहा मिनिटे उशीर धरला तर सहा फेऱ्यांनंतर तो तासाचा होतो. चालकाचे तास भरतात आणि नेमकी शेवटची, संध्याकाळची फेरी रद्द होते. संध्याकाळी परतायची खात्री नसलेला माणूस सकाळीही एसटीने निघत नाही. म्हणून फेऱ्यांच्या मधे शेवटच्या थांब्यावर थोडा जास्त वेळ ठेवणे हा आळस नसून शहाणपणा आहे. कागदावर एखादी फेरी कमी होते, उरलेल्या खऱ्या होतात.

पावसाळ्यात तर वेगळे वेळापत्रकच असायला हवे. अंबा नदी फुगली की नागोठण्याच्या स्थानकापर्यंत पाणी येते, वाकण–पाली रस्त्यावर पुलाची काळजी असते आणि रोह्याला कुंडलिकेवर लक्ष ठेवावे लागते. अशा दिवशी कोणती गाडी कुठून वळवायची, कुठे थांबवायची, हे जुन्या चालकांना तोंडपाठ असते. लिहून ठेवलेले मात्र क्वचितच असते. तो चालक निवृत्त झाला की ते ज्ञानही त्याच्याबरोबर घरी जाते.

रेल्वेशी जोड हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय. आपट्याहून रोह्यापर्यंत लोहमार्ग १९८६ मध्ये आला. पुढे कोकण रेल्वेची सुरुवात इथूनच झाली. दिवा–रोहा गाड्या दिवसातून मोजक्याच आहेत, पण त्यांनी उतरणारी माणसे एकाच वेळी, एकाच जागी आणि बहुधा पुढे जाण्याच्या घाईत असतात. बसला याहून चांगला प्रवासी मिळणार नाही. अडचण इतकीच की रेल्वेचे वेळापत्रक बदलते तेव्हा एसटीचे आपोआप बदलत नाही, आणि आगगाडी अर्धा तास उशिरा आली तर बसने थांबावे की निघावे, हे वाहकाला सांगणारे कोणी नसते. अलिबाग–पनवेल मार्गावर विनावाहक, विनाथांबा गाड्या चालतात. तिकीट स्थानकातच काढून बसायचे. ती सोय जमते, कारण दोन्ही टोकांना माणसे आहेत. तीच रोहा–मुरुडला लावली, तर मधली सगळी गावे रस्त्यावर उभी राहतील.

गाड्यांचीही एक गोष्ट आहे. रायगडचे आरटीओ कार्यालय पेणला, त्याचा क्रमांक एमएच-०६. पण आगारात उभ्या लाल गाड्यांवर एमएच-१४, एमएच-२० आणि एमएच-४० असे आकडे दिसतात. महामंडळ गाड्यांचे सांगाडे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या आपल्या कार्यशाळांत बांधत आले, त्याची ही खूण. कोरड्या हवेत बांधलेली गाडी खाडीकाठी आली की खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस तिच्या पत्र्याला आणि बोल्टांना लागतो. दोन आगारांत सारख्याच वयाच्या गाड्या असल्या, तरी घाटमाथ्यावरची आणि खारेपाटातली गाडी सारखी टिकत नाही. गाड्यांचे वाटप करताना हे धरले, तर वर्कशॉपमधली रांग कमी होईल.

गणेशोत्सवात सगळे गणित उलटते. मुंबईतून कोकणात जादा गाड्या सुटतात, त्यातल्या असंख्य पेणवरून जातात, आणि त्यांच्यासाठी राज्यभरातून गाड्या व चालक ओढले जातात. चाकरमान्यांची सोय होते, हे खरे. त्याच आठवड्यात खेड्याच्या फेऱ्या आखडतात आणि पेणचाच मूर्ती-कारागीर फाट्यावर उभा राहतो. जादा वाहतुकीचे नियोजन करताना कोणत्या स्थानिक फेऱ्यांना हात लावायचा नाही, याची यादी आधी केली आणि स्थानकात लावली, तर निदान कोणाला ताटकळावे लागणार नाही.

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. २०२२ च्या १ जूनला त्याच मार्गावर 'शिवाई' ही विजेची गाडी आली. विजेच्या गाड्या लहान आगारांत येतील तेव्हा त्या पेण–रोहा, पेण–अलिबाग अशा दोन्ही टोकांना स्थानक असलेल्या मार्गांवर आधी लावणे सोयीचे, कारण चार्जिंग स्थानकात करता येते. मुक्कामी गाडीला रात्रभर उभे राहायला जागा असते, पण गावात तेवढ्या ताकदीची वीज नसते. त्यामुळे खारेपाटाच्या आणि डोंगरपट्ट्याच्या मुक्कामी फेऱ्यांसाठी डिझेलच्या गाड्या आगाराला वेगळ्या राखून ठेवाव्या लागतील, आणि त्या मोडीत काढताना बदली गाडीची तरतूद आधी करावी लागेल.