बोलल्याबद्दल एकांतकोठडी

इंग्लंडच्या तुरुंगात एकेकाळी कैद्यांना आपापसात बोलायची मनाई होती. स्टीफन हॉबहाउस यांनी हा नियम पाळायला साफ नकार दिला. ते सॉमरसेटच्या जमीनदाराचे थोरले चिरंजीव. टॉलस्टॉय वाचून वारसाहक्क सोडला, क्वेकर झाले, लंडनच्या गरीब वस्तीत जाऊन राहिले. १९१६ साली सक्तीची सैन्यभरती नाकारली म्हणून कैद झाली आणि तिथे बोलले म्हणून एकांतकोठडी! (वर्गात उठसूट ‘गप्प बसा’ म्हणणारे आम्ही शिक्षक हे वाचून जरा ओशाळलोच.) आईसाहेब युद्धाच्या बाजूच्या, तरी लेकासारख्या कैद्यांसाठी त्यांनी आपल्या नावाने पुस्तक काढले. डिसेंबर १९१७ मध्ये ढासळलेल्या प्रकृतीनिशी हॉबहाउस सुटले. पुढे १९२२ मध्ये, स्वतः तुरुंग भोगलेल्या फेनर ब्रॉकवे यांच्यासोबत, त्यांनी इंग्लंडच्या तुरुंगांची सगळी हकीकत जाडजूड ग्रंथात छापून लोकांपुढे ठेवली.