पेनिसिलीन व्ही ॲसायलेज : उत्परिवर्तित विकराचे स्फटिक

प्रस्तावना :
सातारा-सांगली परिसरातील विद्यार्थ्याला स्फटिक अपरिचित नाही. उसाच्या रसापासून साखरेचे दाणे धरतात, हे त्याला ठाऊक असते. प्रथिनांचे स्फटिकही अतिसंपृक्त द्रावणातूनच वाढतात. मात्र ते अत्यंत नाजूक असतात. त्यांवर क्ष-किरण टाकून मिळणाऱ्या विवर्तनावरून रेणूतील अणूंची स्थाने निश्चित करता येतात. प्रस्तुत लेखात पुण्यात अभ्यासल्या गेलेल्या एका विकराच्या आधारे या पद्धतीचे महत्त्व स्पष्ट केले आहे.

विकराचे कार्य :
बॅसिलस स्फेरिकस या जीवाणूतील पेनिसिलीन व्ही ॲसायलेज हे विकर पेनिसिलीन व्हीची पार्श्वशाखा तोडून ६-अमिनोपेनिसिलॅनिक आम्ल मुक्त करते. या आम्लाला निराळी शाखा जोडून ॲम्पिसिलीन, ॲमॉक्सिसिलीन यांसारखी प्रतिजैविके तयार होतात. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील सी. जी. सुरेश व सहकाऱ्यांनी यॉर्क विद्यापीठातील संशोधकांसमवेत १९९९ मध्ये या विकराची संरचना प्रसिद्ध केली. साखळीतील पहिले अमिनो आम्ल सिस्टीन असून त्यातील गंधकाचा अणूच विक्रियेस आरंभ करतो, हे तीवरून दिसले.

उत्परिवर्तनाची आवश्यकता :
तथापि विकर प्रथम तयार होते तेव्हा सिस्टीनच्या आधी एक लहान तुकडा असतो. विकर तो स्वतःच तोडते आणि मगच कार्यक्षम होते. नैसर्गिक विकराच्या स्फटिकात हा तुकडा आधीच नाहीसा झालेला असल्याने पूर्वावस्था पाहता येत नाही. यासाठी त्याची निष्क्रिय उत्परिवर्तिते घडवावी लागतात. सिस्टीनच्या जागी सेरीन आणल्यास केवळ गंधकाऐवजी ऑक्सिजन येतो. परंतु एवढा बदलही विकराच्या कार्यात मोठा फरक घडवू शकतो. २००५ मध्ये याच संशोधकगटाने तीन निष्क्रिय उत्परिवर्तितांचे, पूर्वावस्थेतील व प्रक्रियोत्तर, स्फटिक मिळविल्याचे नोंदविले. त्यांची स्फटिकरूपे मूळ विकराहून भिन्न होती. निष्क्रिय विकर आधारद्रव्य धरू शकते, पण तोडू शकत नाही. म्हणून दोहोंची संयुक्त अवस्था अभ्यासण्याचा मार्गही त्यामुळे खुला झाला.

निष्कर्ष :
कार्य थांबवून कार्य समजून घेणे, हे या पद्धतीचे सार होय. क्ष-किरण विवर्तनाची यंत्रणा प्रत्येक महाविद्यालयात असणे शक्य नाही. परंतु प्रोटीन डेटा बँकेत ३पीव्हीए या क्रमांकाने ही संरचना विनामूल्य उपलब्ध आहे. कुलूप-किल्लीची आकृती फळ्यावर काढून थांबण्याऐवजी विद्यार्थ्याला ती संगणकावर फिरवून पहिले सिस्टीन शोधावयास लावले, तर विकरशास्त्र पाठांतराचा विषय राहणार नाही.