वर जायचं तर आधी आडवं धावा

प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात राफेलने ‘व्हर्टिकल चार्ली’ करत आभाळ गाठलं की घरोघरी एकच प्रश्न निघतो: सगळ्यांत झपाट्याने वर जाणारं विमान कुठलं?

याच दिवसांत, १६ जानेवारी ते १ फेब्रुवारी १९७५ दरम्यान, अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटातल्या ग्रँड फोर्क्स तळावर ‘स्ट्रीक ईगल’ या एफ-१५ विमानाने चढाईचे आठ विक्रम केले. कडाक्याची थंडी मुद्दाम निवडली होती. थंड हवा दाट असते, त्यामुळे इंजिनाला जास्त जोर मिळतो. रडार, शस्त्रं, एक जनित्र, इतकंच काय, अंगावरचा रंगही काढून विमान सुमारे ८०० किलोंनी हलकं केलं होतं. इंजिनं पूर्ण जोरात आली की ब्रेक पुरेनात, म्हणून ते धावपट्टीला तारेने जखडलं जाई. स्फोटक बोल्टने तार सुटली की घड्याळ सुरू. तीन हजार मीटर गाठायला लागले २७.५७ सेकंद. म्हणजे एकावर एक रचलेली जवळजवळ दोन कळसूबाई!

पण खरी अक्कल दिसते ती तीस हजार मीटरच्या उड्डाणात. तिथे वैमानिकाने नाक सतत वर ठेवलंच नाही. अर्धी कोलांटी घेऊन तो पावणेदहा किलोमीटरवर पोहोचला, तिथून थोडं वर जाऊन आवाजाच्या २.२ पट वेग येईपर्यंत जवळपास आडवा धावला आणि मग साठ अंशांत उसळला. विरळ हवेत इंजिनाला धाप लागते. तिथे आधी साठवलेला वेगच उंची मिळवून देतो. एकूण वेळ २०७.८ सेकंद. चढाईचं सगळं शास्त्र या एका उड्डाणात आहे.

काही महिन्यांतच सोव्हिएत मिग-२५ने २५ आणि ३० हजार मीटरचे विक्रम हिसकावले. १९८६मध्ये सुखोई-२७च्या सोललेल्या ‘पी-४२’ अवतारात व्हिक्टर पुगाचोव्ह २५.३७ सेकंदांत तीन हजार मीटरवर होता. इंजिनांचा जोर वजनाच्या जवळपास दुप्पट!

नाशिकजवळ ओझरला बांधलेलं सुखोई-३० याच घराण्यातलं. पण ते रडार, क्षेपणास्त्रं आणि टनावारी इंधन घेऊन उडतं, त्याच्याकडून पी-४२चे आकडे मागणं अन्यायाचं आहे. तेव्हा कुठल्याही विमानाच्या चढाईचा आकडा वाचाल, तेव्हा आधी विचारा: त्या दिवशी त्याच्या पोटात इंधन किती होतं आणि पंखांखाली काय टांगलं होतं?