पास थोडे, सभासद फार



सहकारी कारखान्यांच्या ऊस उत्पादक सभासदांनी 1975 साली पुण्याजवळ मांजरीला संशोधन संस्था उभी केली. आज तीच वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. तिथल्या किंवा दुसऱ्या एखाद्या शेतकी परिषदेचे फुकट पास आले, की प्रश्न पडतो : धाडायचं कुणाला?

दर खेपेला तेच चार चेहरे गाडीत बसले, तर लांबच्या गावचा सभासद अर्जसुद्धा करत नाही. "आपली कुठं ओळख?" म्हणून गप्प बसतो. मग बेण्याची, ठिबकची नवी माहिती त्याच्या शिवारात पोचतच नाही.

शेअर्स कितीही असोत, सभासदाला मत एकच, असं 1960 चा सहकार कायदा सांगतो. पासालाही तोच न्याय लावावा, असं आम्हांस वाटतं. चालू हंगामाची ऊस नोंद असलेला आणि मागल्या खेपेला न गेलेला तो पात्र, हे आधीच नोटीस बोर्डावर लावावं. समजा, पास 20 आणि अर्ज 90. तर पास गटवार वाटून सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. राखीव नावंही तेव्हाच काढावीत. ऐन वेळी तोडणी आली, की माणूस अडकतो आणि पास परस्पर पाव्हण्याला जातो. चिठ्ठी भगिनीची निघाली तर तिनंच जावं, कारभाऱ्यानं नव्हे.

जो जाईल, त्यानं परतल्यावर पारावर चार माणसं बसवून पाहिलेलं सांगावं. एवढी अट मात्र हवीच.