जुन्या जाहिरातीचे वय कसे ओळखावे?

रद्दीच्या गठ्ठ्यातून एखाद्या जुन्या मासिकाचे सुटे पान हाती लागते. त्यावर स्कूटरची जाहिरात असते. पण मासिकाचे नाव नाही, महिना नाही, वर्षही नाही. हे पान केव्हा छापले गेले असेल? 'असेल पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे' असे म्हणून बहुतेक जण ते बाजूला ठेवतील. जुन्या जाहिराती जमविणारा संग्राहक मात्र तसे करीत नाही. त्याला ते पान म्हणजे एक कोडे वाटते आणि त्याचे उत्तर बहुधा पानातच असते.

पोस्टाची तिकिटे किंवा नाणी जमविण्याप्रमाणेच जुन्या जाहिराती जमविणे हाही एक छंद आहे. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार येथे आणि आता इंटरनेटवरही अशा पानांची खरेदी-विक्री होते. पिंपरी-चिंचवड, चाकण भागातील विद्यार्थ्यांना तर या छंदाचे साहित्य घरच्या अंगणातच आहे. आकुर्डीची स्कूटर, पिंपरीचे पेनिसिलिन, चिंचवडची बेअरिंगे यांच्या जाहिराती लावून पाहिल्या, तर शेतीच्या गावांचे उद्योगनगर कसे झाले हे त्यांतून वाचता येते. पण त्या जाहिरातींचा काळ कळला तरच!

जाहिरातीतील जीवाश्म

भूवैज्ञानिक खडकाच्या थराचे वय कसे सांगतात, हे तुम्ही वाचले असेल. जो प्राणी पृथ्वीवर थोडाच काळ होता, त्याचा जीवाश्म थरात सापडला की थराचा काळ निश्चित होतो. जाहिरातीतही असे 'जीवाश्म' असतात.

पहिला जीवाश्म किंमत. रुपये-आणे-पै असा भाव असेल, तर जाहिरात सर्वसाधारणपणे १९५७ पूर्वीची समजावी. १ एप्रिल १९५७ पासून आपल्याकडे दशमान नाणी सुरू झाली आणि नव्या नाण्याला 'नया पैसा' म्हणू लागले. १ जून १९६४ पासून त्यातला 'नया' हा शब्द गळाला. म्हणजे 'नये पैसे' ही अक्षरे दिसली, तर ते पान बहुतेक या सात वर्षांतलेच!

दुसरा जीवाश्म पत्ता. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. जाहिरातीत 'पिंपरी, पुणे ४११०१८' असे असेल, तर ती त्या तारखेपूर्वीची असूच शकत नाही.

तिसरा जीवाश्म कंपनीचे व मालाचे नाव. आकुर्डीला बजाज ऑटोच्या कारखान्यात प्रथम इटलीतील पियाजिओ कंपनीच्या परवान्याने 'व्हेस्पा' स्कूटर बनत असे. १९७१ मध्ये हा करार संपला आणि १९७२ मध्ये 'चेतक' आली. 'टेल्को' हे नाव २००३ मध्ये जाऊन 'टाटा मोटर्स' आले. 'बजाज टेंपो'चे २००५ मध्ये 'फोर्स मोटर्स' झाले. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही कंपनी १९५४ मध्ये स्थापन झाली आणि पिंपरीत पेनिसिलिनचे उत्पादन १९५५ मध्ये सुरू झाले. त्यामुळे पिंपरीच्या पेनिसिलिनची १९५० ची जाहिरात कोणी दाखविली, तर शंका घ्यावी.

अशा प्रत्येक खुणेने एक सीमा मिळते: 'याच्या आधीचे नाही' किंवा 'याच्या नंतरचे नाही'. दोन्ही सीमा जितक्या जवळ येतील तितके उत्तर अचूक. आता आपले स्कूटरचे पान घ्या. त्यावर 'चेतक' आहे, पिनकोडही आहे. म्हणून ते ऑगस्ट १९७२ च्या आधीचे नाही. वरची सीमा कोठे शोधावयाची? पान उलटा! मागच्या बाजूस एखाद्या क्रिकेट सामन्याचा किंवा नव्या चित्रपटाचा उल्लेख असेल, तर वर्ष चटकन सापडते. म्हणूनच जाणता संग्राहक जाहिरात वहीत कधीही चिकटवीत नाही.

भिंगाखाली काय दिसते?

जुन्या पानांना किंमत येऊ लागली की नकलाही येतात. अस्सल आणि नक्कल यांतील फरक ओळखण्यास दहापट मोठे दाखविणारे भिंग पुरते.

छापलेल्या रंगीत छायाचित्रावर भिंग धरा. सलग वाटणारा रंग नाहीसा होऊन निळा, किरमिजी, पिवळा व काळा अशा चार रंगांचे ठिपके ओळीने मांडलेले दिसतील. लांबून पाहताना आपला डोळा त्यांचे मिश्रण करतो. आजच्या घरगुती प्रिंटरने काढलेल्या प्रतीत मात्र शाईचे सूक्ष्म थेंब बहुधा ओळी न धरता विखुरलेले असतात. छापील चित्राचे पुन्हा छायाचित्र घेऊन ते छापले असेल, तर ठिपक्यांवर ठिपके पडतात आणि नागमोडी पट्टे उमटतात. खिळे जुळवून छापलेल्या जुन्या मजकुराची खूण आणखी सोपी आहे. खिळ्यांचा दाब कागदात उतरतो, त्यामुळे पानाच्या मागून बोट फिरविले तर अक्षरांचे उठाव पुष्कळदा हाताला लागतात.

त्याहून जुन्या रंगीत चित्रांत ठिपक्यांची सरळ जाळी नसतेच. ही शिळाछपाई. पिंपरीहून लोणावळ्याच्या लोकलने जाताना मळवली स्टेशन लागते. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत काढलेला शिळाछापखाना पुढे या मळवलीजवळ आणण्यात आला. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे या छपाईचे तत्त्व. दगडावर तेलकट शाईने चित्र काढून दगड ओला केला की पुढची शाई चित्रावरच बसते, ओल्या भागावर बसत नाही. रविवर्म्यांची देवादिकांची चित्रे पुढे अनेक वस्तूंच्या जाहिरातींवर आणि कॅलेंडरांवर झळकली. हा छापखाना १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. आता त्याची छापील चित्रे त्याची साक्ष देतात.

पान पिवळे का पडते?

आग एका रात्रीत जे करते, ते हवा आणि ऊन सावकाश करतात. स्वस्त कागद लाकडाच्या भरड लगद्यापासून बनवितात. त्यात सेल्युलोजच्या तंतूंबरोबर लिग्निन हे द्रव्य राहते. प्रकाश आणि हवेतील ऑक्सिजन यांमुळे लिग्निनचे रंगीत पदार्थ बनतात आणि कागद पिवळा पडतो. शाई फुटू नये म्हणून जुन्या कागदात तुरटीसारखी द्रव्ये घालीत. त्यांतून आम्ल तयार होते व ते सेल्युलोजच्या लांब साखळ्या तोडते. अखेर पान घडीवर मोडते.

याचा एक सोपा प्रयोग करून पाहा. आजच्या वर्तमानपत्राच्या तुकड्याचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून तो आठ-दहा दिवस उन्हात ठेवा. मग पुठ्ठा काढून दोन्ही भागांतील फरक वहीत नोंदवा.

यावरून संग्रह कसा ठेवावा हे आपोआप कळते. पाने अंधाऱ्या, कोरड्या जागी, सपाट ठेवावीत. पारदर्शक चिकटपट्टी लावू नये. तिचा गोंद कागदात मुरतो व तपकिरी डाग पडतात. लॅमिनेशन तर कधीच करू नये; ते पुन्हा निघत नाही. पावसाळ्यात चकचकीत पानांना विशेष जपावे. त्यांच्यावर पांढऱ्या चिनी मातीचा लेप असतो आणि ओल लागली की पाने एकमेकांना घट्ट चिकटतात.

कात्री लावण्यापूर्वी

येथे या छंदातला सर्वांत मोठा धोका सांगितला पाहिजे. पूर्ण अंकाला जेवढे पैसे मिळतात, त्याहून त्यातील दहा जाहिराती सुट्या विकल्या तर अधिक मिळू शकतात. म्हणून काही विक्रेते जुने अंक फाडतात. पण सुट्या पानाचा महिना आणि वर्ष हरवते, आणि तो अंक दुर्मिळ असेल तर त्यातील लेख, कथा, चित्रे सारेच विखुरते. १९२० साली सुरू झालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे उदाहरण घ्या. हे कारखान्याचे पत्रक पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. अशा मासिकाच्या अंकात जाहिरात आणि मजकूर शेजारी शेजारी असतात, म्हणूनच त्या काळचे घर आणि कारखाना यांचा संबंध समजतो.

तेव्हा नियम साधा ठेवावा. अंक पूर्ण असेल तर फाडू नये. हव्या त्या पानाचे छायाचित्र घ्यावे. अंक दुर्मिळ वाटला तर ग्रंथालयात दाखवावा. आधीच सुटे झालेले पान मात्र खुशाल जमवावे, बदलावे, विकावे. विकताना ते मूळ आहे की प्रत, कडा कापल्या आहेत का, डाग आहेत का, हे स्पष्ट सांगावे. वर्ष अंदाजाने ठरविले असेल तर 'अंदाजे' हा शब्द लिहावा. आणखी एक गोष्ट ध्यानात असू द्या. मूळ कागद विकणे वेगळे आणि त्याच्या प्रती छापून विकणे वेगळे. दुसऱ्या गोष्टीला प्रताधिकाराचा कायदा आड येऊ शकतो.

आजची जाहिरात, उद्याचा संग्रह

सप्टेंबर २०१० मध्ये चाकणच्या कारखान्यात तयार होणाऱ्या फोक्सवॅगन व्हेंटो मोटारीची एक जाहिरात वर्तमानपत्रातून आली. पान उघडताच ती चक्क बोलू लागे! पानावर एक लहानसे यंत्र चिकटविलेले होते. घडी उलगडली की त्याच्या प्रकाशसंवेदकावर उजेड पडे आणि आवाज सुरू होई. वर्तमानपत्र एका दिवसात रद्दीत जाते. कोणी हे पान जपले असेल, तर त्याच्यापुढे नवाच प्रश्न असणार: यंत्रातील विजेचा घट जुना होऊन झिरपला तर कागदाचे काय?

तुमच्या घरी किंवा शेजारी या पट्ट्यातील कारखान्यांत नोकरी केलेले कोणी असेल. त्यांच्या ट्रंकेत एखादे जुने माहितीपत्रक, कॅलेंडर किंवा मासिक निघते का, ते विचारा. मिळालेल्या प्रत्येक पानासाठी एक कार्ड करा आणि त्यावर पाच गोष्टी लिहा: पान कोठून मिळाले, केव्हा मिळाले, कोणत्या अंकातील आहे, कोणत्या वर्षाचे आहे आणि ते वर्ष कोणत्या खुणेवरून ठरविले. ही पाचवी ओळ सर्वांत महत्त्वाची. ती असली म्हणजे दुसऱ्या कोणालाही तुमचे उत्तर तपासता येते आणि चुकले असेल तर सुधारता येते.