विश्लेषण : हलक्या किट कारला स्प्रिंग किती कडक हवी?

सुट्या भागांची खोकी मागवायची आणि घरच्या गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने गाडी जोडायची, हा ब्रिटनमधला जुना छंद. अशा ‘किट कार’मध्ये इंजिन कोणते बसवायचे यावर महिनोन्महिने खल होतो. स्प्रिंग मात्र अनेकदा दुसऱ्याच्या गाडीचा आकडा पाहून मागवली जाते. जेमतेम साडेपाचशे किलोच्या गाडीत ही चूक महागात पडते. गाडी नुसती आदळत नाही, तर ओल्या वळणावर रस्त्यावरची पकडही सोडू शकते.

किट कार आल्या कुठून?

कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये ‘लोटस सेव्हन’ ही दोन आसनांची हलकी गाडी आणली. तयार गाडीवर तेव्हा ब्रिटनमध्ये खरेदी कर लागे, सुटे भाग घेऊन जोडल्यास तो वाचे. १९७३ मध्ये या गाडीचे हक्क केटरहॅम कार्सकडे गेले. तिच्या धर्तीवर इतरांनीही अनेक किट कार काढल्या.

हलक्या गाडीचा प्रश्न वेगळा का?

समजा, ८० किलो वजनाचा सहप्रवासी शेजारी बसला. १३०० किलोच्या गाडीत हे वजन सहा टक्के भरते, ५५० किलोच्या गाडीत जवळपास १५ टक्के. सेव्हनसारख्या गाडीत आसने मागच्या चाकांच्या अगदी पुढे असल्याने यातला बराचसा भार मागेच जातो. म्हणून मागच्या स्प्रिंगचा हिशेब चालक एकटा असताना आणि सहप्रवासी असताना, असा दोनदा करावा लागतो.

स्प्रिंगचा आकडा कसा काढतात?

स्प्रिंग एक मिलिमीटर दाबण्यासाठी किती बल लागते, तो तिचा कडकपणा. पण सुरुवात स्प्रिंगपासून नव्हे, वजनापासून करायची. चालकासह गाडीचे प्रत्येक चाकाखालचे वजन मोजायचे. त्यातून चाक, टायर, ब्रेक यांचे वजन वजा करायचे, कारण ते स्प्रिंगवर पेललेले नसते. समजा, पुढच्या एका कोपऱ्यावर १२५ किलो उरले.

मग गाडी खालीवर किती वेगाने डोलावी, ते ठरवायचे. साध्या प्रवासी गाड्या सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलतात. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्या दीड ते दोन वेळा, तर हवेचा दाब न वापरणाऱ्या शर्यतीच्या गाड्या दोन ते अडीच वेळा. दीडचा आकडा धरला, तर १२५ किलोसाठी चाकापाशी सुमारे ११ न्यूटन प्रति मिलिमीटर कडकपणा लागतो.

मग तीच स्प्रिंग मागवायची का?

नाही. इथेच बहुतेकांची गफलत होते. पुढची स्प्रिंग चाकावर नसते, आत विशबोनवर तिरकी बसवलेली असते. चाक १० मिलिमीटर वर गेले, तर स्प्रिंग कदाचित सातच मिलिमीटर दबते. हे गुणोत्तर ०.७. हिशेबात त्याचा वर्ग येतो, म्हणजे ०.४९. त्यामुळे ११ ऐवजी जवळपास २३ न्यूटन प्रति मिलिमीटरची स्प्रिंग लागते. ब्रिटिश विक्रेत्यांच्या भाषेत हे सुमारे १३० पौंड प्रति इंच. गुणोत्तर ०.६ असेल, तर त्याच आरामासाठी सुमारे १७५ पौंडांची स्प्रिंग हवी. म्हणजे मित्राच्या गाडीचा आकडा अचूक असूनही आपल्या गाडीला चुकीचा ठरू शकतो.

जास्त कडक घेतली तर बिघडते काय?

याच गाडीत ३०० पौंडांची स्प्रिंग घातली, तर ती सेकंदाला सुमारे २.३ वेळा डोलेल. हा शर्यतीच्या गाडीचा आकडा. गुळगुळीत ट्रॅकवर तो चालेल, खडबडीत रस्त्यावर चाक खळग्यात उतरण्याऐवजी त्यावरून उडी मारेल. चाक हवेत असताना ब्रेकही लागत नाही आणि स्टीअरिंगही ऐकत नाही. उलट स्प्रिंग फार मऊ असली, तर गाडी बसते, तळ रस्त्याला घासतो आणि सस्पेन्शन रबरी थांब्यावर आदळते. थांब्याला टेकताच ते एकदम कडक होते आणि वळणात नेमकी तेव्हाच पकड सुटते.

पुढची आणि मागची स्प्रिंग सारखी चालेल?

सहसा नाही. खळगा आधी पुढच्या चाकाला लागतो, नंतर मागच्या. मागची बाजू किंचित जलद डोलणारी ठेवली, तर ती पुढच्या बाजूला गाठते आणि गाडी झोके घेत नाही. ब्रिटिश अभियंता मॉरिस ऑली यांनी जनरल मोटर्समध्ये १९३० च्या दशकात हे तत्त्व मांडले. शिवाय स्प्रिंग बदलली की शॉक अॅब्सॉर्बरही तिला जुळणारा हवा. जुना शॉक कडक स्प्रिंगची उसळी आवरू शकत नाही.

आपल्याकडे याचा उपयोग कोणाला?

‘फॉर्म्युला भारत’ आणि ‘सुप्रा’ या स्पर्धांसाठी राज्यातील अभियांत्रिकीचे विद्यार्थी दरवर्षी हलक्या गाड्या बांधतात. त्यांनाही हाच हिशेब करावा लागतो. वजनकाटा, मोजपट्टी आणि एक संध्याकाळ एवढ्यावर तो होतो. स्प्रिंगची ऑर्डर त्यानंतर द्यावी.