बहुदिवसीय सायकल शर्यत आणि हौशी स्वार : पिंपरी-चिंचवड–चाकण पट्ट्याच्या संदर्भात एक विवेचन

१९ ते २३ जानेवारी २०२६ ह्या दिवसांत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही सायकल शर्यत झाली. एक छोटा प्रास्ताविक टप्पा व चार मोठे टप्पे मिळून तिचे अंतर सुमारे ४३७ किलोमीटर होते. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेच्या २.२ ह्या वर्गातील बहुदिवसीय रस्ता-शर्यत भारतात भरण्याचा हा पहिलाच प्रसंग होय. रस्त्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या प्रेक्षकाला स्वारांचा घोळका काही क्षणांत दिसेनासा झालेला दिसला. परंतु कोण पुढे आहे व का पुढे आहे, ह्याचा उलगडा त्या क्षणांवरून होणे शक्य नव्हते. बहुदिवसीय शर्यतीचे मर्म डोळ्यांना दिसणाऱ्या वेगापेक्षा हिशेबात अधिक असते. हा हिशेब कोणता, आणि पिंपरी-चिंचवड ते चाकण ह्या कारखानदारीच्या पट्ट्यातील हौशी स्वाराला तो का अवघड जातो, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. ‘हौशी’ ह्या शब्दाचा अर्थ

मराठीत हौशी नट व धंदेवाईक नट असा भेद रंगभूमीच्या संदर्भात रूढ आहे. सायकल शर्यतीतही असा भेद दीर्घकाळ पाळला गेला. १९६५ साली आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आधिपत्याखाली हौशी व व्यावसायिक स्वारांसाठी दोन स्वतंत्र महासंघ निर्माण झाले आणि १९९२ मध्ये ते पुन्हा एक झाले. १९०३ साली सुरू झालेली ‘तूर द फ्रान्स’ ही व्यावसायिकांची शर्यत, तर १९४८ साली सुरू झालेली पूर्व युरोपातील ‘शांतता शर्यत’ ही हौशी स्वारांची, अशी विभागणी त्या काळी होती. आज नियमांतील ती भिंत नाहीशी झाली असली, तरी वस्तुस्थितीतील भेद कायम आहे. ज्याच्या चरितार्थाचे साधन सायकल नव्हे, जो दिवसाचे आठ-नऊ तास अन्यत्र श्रम करून उरलेल्या वेळात सराव करतो, तो हौशी. त्याच्या कौशल्याविषयी हा शब्द काहीच सांगत नाही. त्याच्या वेळेविषयी मात्र पुष्कळ सांगतो.

२. एका दिवसाची शर्यत व अनेक दिवसांची शर्यत

महाराष्ट्रात सर्वांत परिचित असलेली मुंबई–पुणे शर्यत ही एका दिवसाची. खोपोलीपर्यंतची सपाटी, तेथून १८३० साली गाडीवाटेसाठी खुला झालेला बोरघाट, नंतर लोणावळ्यापासून कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड, निगडी, चिंचवड, पिंपरी अशी पुण्याकडे येणारी वाट, हा तिचा परंपरागत मार्ग. घाट प्रथम चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविण्यात येते. परंतु घाटाचा राजा हाच पुण्याचा विजेता ठरेल असे नाही, ही गोष्ट जुन्या प्रेक्षकांच्या परिचयाची आहे. मात्र अशा शर्यतीत स्वाराने अंगातील सर्व बळ त्याच दिवशी खर्चून टाकले, तरी दुसऱ्या दिवशी त्याला कोणी जाब विचारीत नाही.

बहुदिवसीय शर्यतीत नेमका हाच जाब विचारला जातो. तिचे दोन प्रकार आहेत. पहिला टप्प्यांचा. टप्पा ही कल्पना ह्या भूमीला परकी नाही. ह्याच पट्ट्यातील देहू व आळंदी येथून निघणाऱ्या पालख्या मुक्काम करीतच पंढरपूर गाठतात. टप्प्यांच्या शर्यतीत प्रत्येक दिवसाचा वेळ नोंदला जातो, त्या सर्वांची बेरीज होते व ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी ठरतो. एकही टप्पा न जिंकता संपूर्ण शर्यत जिंकणे म्हणूनच शक्य असते. घोळक्यातून एकत्र शेवट गाठणाऱ्यांना एकच वेळ दिला जातो. उलटपक्षी ठरलेल्या मुदतीच्या आत न पोचणारा स्वार बाद होतो.

दुसऱ्या प्रकारात घड्याळ थांबतच नाही. पुण्याहून गोव्याकडे जाणारी सुमारे ६४० किलोमीटरची ‘डेक्कन क्लिफहँगर’ ही ह्या प्रकारची. अमेरिका आडवी ओलांडणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. २०१५ साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन ह्या बंधूंनी ती दोघांच्या संघाने पूर्ण केली. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ ह्यांनी ती एकट्याने पार केली. समर्थ ह्यांनी २०१८ मध्ये मॉस्को ते व्लादिवोस्तोक ही १५ टप्प्यांची, ९,००० किलोमीटरहून लांब शर्यतही पूर्ण केली. हे तिघेही पेशाने वैद्यक. हौशी स्वाराची मजल कोठवर जाऊ शकते, ह्याचे हे उत्तम प्रमाण होय.

३. श्रमाचा हिशेब

सायकलस्वाराचा सपाटीवरील मुख्य शत्रू हवा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो व त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात. ताशी ३० किलोमीटरचा वेग ३६ करावयाचा म्हणजे वेग एकपंचमांशाने वाढवावयाचा. पण हवेसाठी खर्चावी लागणारी शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. पुढील स्वाराच्या आडोशाने जाणाऱ्याची मात्र ह्या खर्चात एकचतुर्थांश ते एकतृतीयांश बचत होते, आणि मोठ्या घोळक्याच्या मध्यभागी ती ह्याहूनही अधिक असते. सपाटीवर एकट्याने पुढे पळणारा बहुधा पकडला जातो, ह्याचे कारण त्याचे धैर्य कमी पडते हे नसून हे गणित आहे.

घाटात स्थिती पालटते. तेथे वेग कमी, म्हणून हवा गौण. वजन उचलणे हेच मुख्य काम. स्वार व सायकल मिळून ८० किलो वजन ५०० मीटर उंच नेण्यास सुमारे ३९२ किलोज्यूल कार्य करावे लागते. बोरघाटातील चढ साधारण एवढाच आहे. तो अर्ध्या तासात चढावयाचा तर केवळ ह्या कामासाठी सुमारे २१८ वॉट शक्ती सतत लागते. २५ मिनिटांत चढावयाचा तर सुमारे २६२ वॉट. म्हणजे शक्ती एकपंचमांशाने वाढविली की पाच मिनिटे मिळतात. तीच वाढ सपाटीवर अर्ध्या तासाच्या वाटचालीत दोन मिनिटेही मिळवून देत नाही. म्हणून जाणता स्वार सपाटीवर वाचवितो व घाटात खर्च करतो.

परंतु खर्च करावयाचा तो कोणत्या शिलकेतून? स्नायू व यकृत ह्यांत साठविलेली पिष्टमय इंधनाची शिलक साधारणतः ५०० ग्रॅम, म्हणजे सुमारे २,००० किलोकॅलरी एवढीच असते. चार तासांच्या टप्प्यात सरासरी १८० वॉट शक्ती लावणाऱ्याला सुमारे २,६०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात. काही भाग चरबीतून निघतो. उरलेला वाटेत खाऊन भरावा लागतो. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम शर्करा घ्यावी, असा सर्वसाधारण दंडक आहे. ती केळ्यातून, गुळाच्या चिक्कीतून वा राजगिऱ्याच्या लाडवातून मिळाली तरी शरीराला चालते. रिकामी झालेली शिलक पूर्ववत होण्यास भरपूर भात-पोळी खाऊनही जवळजवळ एक अहोरात्र लागते. म्हणजे पहिल्या दिवशी उगाच उधळलेले बळ हे तिसऱ्या दिवसाच्या घाटाकडून घेतलेले कर्जच होय.

ह्यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. बहुदिवसीय शर्यतीत निर्णायक ठरते ती शक्ती नव्हे, तर शक्ती भरून येण्याचा वेग. आणि ती भरून येते ती मुख्यतः अन्न व झोप ह्यांनी.

४. पाळी आणि सराव

आता पिंपरी-चिंचवडकडे वळावे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्तान अँटिबायॉटिक्सचा कारखाना आला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर भोसरी, चिंचवड, आकुर्डी ह्या परिसराचे रूप झपाट्याने पालटले. पुढे चाकण हे मोटारनिर्मितीचे मोठे केंद्र बनले. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जात होते त्या काळात असंख्य कामगार सायकलनेच कामावर येत. आज कामगार मोटारसायकलवर वा कंपनीच्या बसने येतो, आणि सायकल त्याच्या घरी असलीच तर ती व्यायामाची व शर्यतीची.

ह्या पट्ट्यातील हौशी स्वाराचे प्रश्न तीन आहेत. पहिला झोपेचा. तीन पाळ्यांत काम करणाऱ्याची रात्रपाळी आली की त्याला दिवसा झोपावे लागते, आणि दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा काही तासांनी कमी भरते. जी वस्तू शर्यतीत निर्णायक, तिचीच येथे टंचाई. अशा आठवड्यात कठोर सराव केल्याने बळ वाढण्याऐवजी थकवा साचतो.

दुसरा प्रश्न सोबतीचा. ह्या भागातील पुष्कळ कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सायकलस्वारांच्या मंडळांची सामुदायिक फेरी मात्र रविवारी पहाटे निघते. गुरुवारी मोकळा असलेला स्वार मग एकटाच लोणावळ्याला वा पवना धरणाकडे जातो. एकट्याने दम वाढविता येतो; परंतु पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर न दचकता राहणे, वळणावर जागा राखणे, वाऱ्याची दिशा पाहून आडोसा घेणे ही विद्या घोळक्यातच शिकावी लागते. ती नसेल तर बळकट स्वारही सपाटीवर, जेथे वाचवावयाचे तेथेच, खर्च करीत राहतो.

तिसरा प्रश्न रस्त्याचा. चाकणवरून जाणारा नाशिक महामार्ग व तळेगाव–चाकण रस्ता ह्यांवर मालमोटारींची व कंटेनरांची वर्दळ असते, आणि पाळी बदलण्याच्या वेळी ती फारच वाढते. पहिल्या पाळीला जाणाऱ्याने सराव पहाटेपूर्वीच्या अंधारात करावयाचा, की कामावरून सुटल्यावर ह्या गर्दीत करावयाचा, हाच पर्याय उरतो. शर्यतीच्या दिवशी रस्ता बंद ठेवून सुरक्षित करता येतो. सरावाच्या शेकडो दिवसांसाठी तशी सोय नसते.

५. निष्कर्ष

वरील विवेचनातून हौशी स्वाराने घ्यावयाचा बोध साधा आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात सराव हलका ठेवावा व दिवसपाळीच्या आठवड्यात वाढवावा. महिन्यातून दोनदा तरी रजा वा पाळीची अदलाबदल करून घोळक्यात चालवावे. आणि सलग दोन-तीन दिवस मध्यम अंतर कापून दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी शरीर काय सांगते ते पाहावे. एका दिवसाच्या दीडशे किलोमीटरने जे कळत नाही, ते तीन दिवसांच्या ऐंशी-ऐंशी किलोमीटरने कळते.

परंतु सर्व भार त्याच्यावरच टाकणे न्याय्य होणार नाही. आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी रस्ते गुळगुळीत करणे हे स्वागतार्ह आहे. तथापि ह्या पट्ट्यातून स्वार तयार व्हावयाचे असतील, तर आठवड्यातील एखादी पहाट काही ठरावीक रस्त्यांवर जड वाहनांपासून मोकळी ठेवणे, आणि गुरुवारची सामुदायिक फेरी सुरू करणे, ह्या दोन लहान गोष्टींचा उपयोग अधिक होईल. बहुदिवसीय शर्यत शिलकेवर जिंकली जाते. हौशी स्वाराची शिलक मात्र आरंभरेषेवर येण्यापूर्वीच, कारखान्याची पाळी आणि घरचा रस्ता ह्यांमध्ये खर्ची पडत असते. ती तेथेच राखली पाहिजे.